दीड मिलिमीटर

कुडाळ एमआयडीसी, शेड सतरा.
अॅल्युमिनियमची भिंत, जाडी दीड मिलिमीटर.
कटर टेकला की किंचाळते.
अंगावर वळ्या उठतात,
ओहोटीनंतर वेंगुर्ल्याच्या पुळणीवर दिसतात तशा,
फक्त इथे त्यांना रिजेक्ट म्हणतात.

म्हणून आज आधी स्क्रीनवर कापतेय.
भिंतीचे चार हजार तुकडे,
प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला ताठा.
डॅम्पिंगचा आकडा मात्र कुठल्या पुस्तकात नाही.
सेन्सर चिकटवला, हातोडीने टक् केलं.
चहा घेऊन आलेला बाबल्या धुरी दारातूनच,
"फणस बघतंस काय गो? पिकलो?"

हसले.
पण दर फेरीनंतर वाजवावी लागतेच,
आणि दर वेळी सूर उतरलेला.
सोलू तशी ती दुसरीच होत जाते;
सकाळचं गणित दुपारच्या भिंतीला चालत नाही.

आलेखात एक अरुंद खिसा सापडला,
नऊ हजार चारशे फेऱ्यांवर.
वेग कमी करायचा सोडून वाढवला.
धुरी दोन पावलं मागे.
कटर गेला. नुसता हवेचा आवाज.

बोट फिरवलं: गुळगुळीत.
वरच्या कडेला, नखाला लागेल न लागेल
अशी एक थरथर उरलीय.
स्क्रीनवर ती नव्हती.

पॉलिश पेपर ठेवून दिला.
आधी वही.
चहा गार झालाय.