उसण

पंचेचाळीस किलोचं सिलिंडर खांद्यावर घेऊन
वालपराइसोच्या या टेकडीच्या तीनशे बारा पायऱ्या
सव्वीस वर्षं चढलो,
पाठीने कधी हूं की चूं केलं नाही.
आणि त्या मंगळवारी मोजा उचलायला वाकलो,
एकच मोजा, तोही फाटका,
तर उसण भरली.

तसाच राहिलो, अर्धा वाकलेला,
पलंगाची कड धरून.
नेल्दा म्हणाली, काय सांडलं?
हसावंसं वाटलं, पण हसलं की चमक यायची.

मग अकरा दिवस आडवा.
शेजारचा ओसिएल म्हणाला, गादी सरकली असणार,
त्याच्या मेहुण्याची सरकली होती.
पुढचं त्याने सांगितलं नाही, नुसती मान हलवली.
छतावर ओल आली आहे, तिचा आकार मला पाठ झाला.
खिडकीतून ऐकू यायचं,
दुसराच कुणी सिलिंडरवर पाना आपटत चाललाय,
टण, टण-टण.
माझा ठेका नव्हे तो.

बाराव्या दिवशी दवाखाना.
बाकावर सगळी पाठीचीच माणसं.
बस चालवणारा, एका कुल्ल्यावर बसलेला.
सात महिन्यांची गरोदर पोर, भिंतीला टेकून उभी.
आणि नगरपालिकेतला एक कारकून,
जो सगळ्यांना सांगत होता
की त्याने जन्मात काही जड उचललं नाही.
मला त्याचा राग आला.
मग वाटलं, बसून बसूनही माणूस
कशाखाली तरी दबत असेल.

यास्ना वुकासोविच माझ्या मुलीहून लहान.
तिने आधी विचारलं, लघवीवर ताबा आहे ना?
बसता तिथे बधिर वाटतं?
पाऊल लुळं पडतं? ताप? वजन उतरलंय?
मी नाही, नाही म्हणत गेलो
आणि तिच्या कपाळावरची आठी सुटत गेली.

म्हटलं, आतला फोटो काढा.
म्हणाली, काढला तर काहीतरी झिजलेलं दिसेलच,
एकावन्न वर्षांची पाठ आहे.
तुमचे केस पिकलेत, म्हणून डोकं दुखतं का?
म्हटलं, मग सुई तरी द्या.
म्हणाली, चाला.

चार दिवसांच्या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी,
कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी,
आणि चाला. आज दारापर्यंत, उद्या पाणपोईपर्यंत.
दुखेल थोडं. दुखणं म्हणजे मोडणं नव्हे.
मग तिने झाडूची दांडी माझ्या पाठीला लावली,
डोक्याला, पाठीच्या मध्याला, माकडहाडाला टेकवून,
आणि मला वाकायला शिकवलं.
कमरेतून नाही, खुब्यातून.
सव्वीस वर्षांचा हमाल मी,
झाडू पाठीला धरून
आरशात स्वतःला नमस्कार घालत होतो.

जाता जाता तिने विचारलं, झोप लागते?
तेव्हा सांगून टाकलं.
टेकडीवर पाइपचा गॅस येणार आहे.
पायऱ्यांवर लाल रंगाचे आकडे टाकून गेलेत कंपनीवाले.
मोज्याच्या आदल्या रविवारीच.
तिने ते लिहून घेतलं,
वजन आणि उंचीच्या खालच्या ओळीत.

आता सहावा आठवडा.
दुखण्याने पाठ सोडलेली नाही,
पण हल्ली ते जरा अंतर ठेवून मागून येतं,
इथल्या भटक्या कुत्र्यांसारखं,
मी थांबलो की थांबतं.

काल एकशेचाळिसाव्या पायरीवर तो पोरगा भेटला,
खांद्यावर पंचेचाळीस, कमरेतून वाकलेला.
म्हटलं, अरे, खुब्यातून वाक,
आणि पंधरा-पंधराच्या तीन खेपा कर.
तो हसला. म्हणाला, काका, पाठ तुमची दुखते, माझी नाही.

खरंच होतं ते.
मीही कुणाला तरी असंच म्हणालो होतो,
याच पायऱ्यांवर.
माणूस आठवत नाही,
हातातली त्याची काठी आठवते.