एफ पाच

शुक्रवार. रुवीत शटरं खाली.
पडद्यावरची चित्रं लुकलुकतात,
जातात, येतात, पुन्हा जातात.
उजवं बटण दाबून उघडलेली यादी
वाचायच्या आत मिटते.

अँटीव्हायरस काढला. सेफ मोड. तेच.
परकार फोनवर म्हणाला, फॉरमॅट मार.
मारतोय!
आत जुईचे फोटो आहेत,
व्हिजिट व्हिसा संपेपर्यंतचे.

रात्री वैतागून कीबोर्डची वायर उपटली
आणि पडदा गप्प.

उलटा धरून आपटला जुन्या पेपरवर:
धूळ, फरसाणाचा चुरा,
आणि एफ पाचच्या बुडाशी अडकलेली
तिच्या फ्रॉकची चंदेरी टिकली.
चिमट्याने काढावी लागली.

आता काही हलत नाही.
परकारला कळवायचं राहिलंय.
टिकली मॉनिटरच्या कडेला चिकटवून बघितली,
चिकटत नाही.