तिसरा डोस

सोहारच्या इस्पितळात, खिडकीजवळच्या खुर्चीवर,
औषध थेंबाथेंबानं उतरतंय.
सुरू करण्याआधी छातीचा फोटो काढला,
जुना क्षय लपून बसलाय का बघायला.
लपवण्यात मीही तरबेज :
घरी अजून मूळव्याधच सांगितलीय.

भगंदर.
हा शब्द फोनवर सुलक्षणाला कसा द्यायचा?
आणि तो दोरा, डॉक्टरांनी त्या वाटेत ओवून ठेवलेला,
तोंड बुजून आत पू कोंडू नये म्हणून?

क्रेनच्या केबिनमध्ये उशी घेऊन बसतो.
फोरमन हमूद काही विचारत नाही;
परवा त्यानं घरची आणून ठेवली, जास्त मऊ.

सिस्टर जिन्सी सुई काढते.
"आता आठ आठवड्यांनी."

काल रात्री चड्डी कोरडी निघाली.
किती महिन्यांनी!
लगेच फोन लावला,
आणि समुद्राबद्दल बोललो.