राखाडी

रुवीत, एक्सचेंजच्या वरच्या मजल्यावर
'विमा हवा का' याच्यापुढचं 'नको'
मी राखाडी केलं.
पांढऱ्यावर राखाडी, नियमात बसेल इतकंच फिकं.
'हो' हिरवं. चौकटीत टिक आधीच.
वकील म्हणाले, अटी खाली दिल्यात ना, झालं.

आज पार्किंगमध्ये नझीर परकार,
दापोलीकडचा, एसी दुरुस्त करणारा,
फोन पुढे धरून:
"भाई, दर महिन्याला पाचशे बैसा कुठे जातात, बघ जरा.
मी तर काहीच मागितलं नव्हतं."

काचेला तडा. उन्हात पडदा मंद.
माझंच बटण
मलाही सापडेना.

अंगठा नुसता फिरवत राहिलो.
"चष्मा नाही आणला," म्हणालो.

त्याने खिशातून स्वतःचा काढला.
"माझा घे."