लाइन तोडू नका

रबाळ्याच्या रंगांच्या कारखान्यात
गार खोली एकच होती, संगणकाची.
रात्रपाळीला तिथे मी, एक मॉडेम
आणि करवतीसारखा ओरडणारा प्रिंटर.

दोन वाजून दहा मिनिटांनी मॉडेमचा दिवा लागला.
आत आले टिपणीस साहेब,
जे मार्चमध्ये वारले होते.
पासवर्ड त्यांच्या मुलीचं नाव. तो बदलायचा असतो
हे कुणाला सुचलंच नव्हतं.

साहेबांनी काही चोरलं नाही.
कॅन्टीनचा मेनू वाचला, रजेचं रजिस्टर चाळलं, गेले.
दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या.
मी सगळं छापत राहिले. कडेला भोकं असलेला तो कागद
घडीवर घडी पडत पायाशी साचला.
बोटं ओळखू यायला लागली:
'डी'नंतर नेहमी एक 'आय' जास्त,
मग थांबणं, मग खोडणं.
जिवंतपणी साहेब टायपिंगला मलाच बोलवायचे.

चौकीतल्या हवालदाराने विचारलं, गेलं काय?
म्हटलं, काहीच नाही.
मग आलं कोण?
तेच तर.
त्याने पेनाला टोपण लावलं.

टेलिफोनचा हिराजी मढवी मात्र ऐकून घेत राहिला.
म्हणाला, 'म्याडम, त्याला बोलता ठेवा.
लाइन तुटली का माग मेला.'
त्या रात्री जुन्या एक्सचेंजमध्ये टॉर्च दातांत धरून
तो एकेक खटका चाचपत गेला,
जसा त्याचा बाप ओहोटीला
खाडीच्या चिखलात निवट्या शोधायचा.
इकडे मी टाइप केलं: कसे आहात साहेब?
बराच वेळ काही नाही.
मग: बरा आहे.
तिकडे उकडतं का?
पंखा आहे.
अशी बावीस मिनिटं.

तार निघाली वाशीत, सेक्टर नऊ, दुसरा मजला.
मिशी न फुटलेला पोरगा, बनियनवर.
आईने आधी पाणी दिलं, मग विचारलं, कोण तुम्ही?
मी गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला.
तो पानं उलटत राहिला, स्वतःच्या चुका बघत.
'तुम्ही सगळं वाचत होता? रोज?'
घाबरला नव्हता.
कुणीतरी वाचत होतं, याचंच त्याला
काय झालं होतं, तो शब्द मला आजही सापडत नाही.

जिना उतरताना हिराजी म्हणाला,
'पोरगा बरा. दार उघडा व्हता, डोकावला.
आमचे शेतान शिरले ते कागद घेवून आल्ते.'

त्या शेतावर आता बिनखिडक्यांची इमारत आहे.
माझी भाची तिथे कामाला. भिंतभर पडदा,
त्यावर पुरळ उठावं तसे ठिपके.
हे सगळे चोर?
'यंत्रं गं मावशी. यंत्रं कड्या हलवून बघतात,
यंत्रंच हाकलतात.'
आणि तू?
'का हाकललं ते मी लिहिते.'
माझ्या अख्ख्या नोकरीत एकच आला होता.
एखाद्याची बोटं ओळखतेस का, विचारणार होते.
तेवढ्यात तिने कॉफी आणली.

परवा दुपारी चरईतल्या घरी फोन आला.
कस्टमचे साहेब. माझ्या नावाच्या पार्सलात म्हणे काही सापडलं.
कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.
आवाज कोवळा, गणवेश खांद्यात सैल.
मागे दहा-वीस जण तेच वाक्य म्हणत होते,
कुणी सुरुवातीला, कुणी शेवटाला.
कुणीतरी खोकलं.
मी कॅलेंडरच्या पाठीवर वेळ टिपली, तीन पाच,
आणि सवयीने त्याला बोलता ठेवला.
तिकडे उकडतं का रे?
तो अडखळला. समोरच्या कागदावर उत्तर नसावं.
'पंखा बंद आहे,' म्हणाला,
आणि कुणीतरी त्याच्या हातून फोन काढून घेतला.

हिराजी जाऊन सहा वर्षं झाली.
कुठल्याच खटक्यावर कुणाचं बोट नव्हतं.
तरी मी बराच वेळ
फोन कानाला लावून बसले.