दुसरा हात

बारा किलोची पिशवी, आत नुसती पूड.
वर छापलेलं : खोल माती, क्रमांक सत्तेचाळीस.
मी मोठ्यानं वाचलं. साल्मे म्हणाली,
‘सत्तेचाळीस कसला? कशासारखा, ते सांग.’

तिच्या नजरेचा मध्य गेलाय,
कडा तेवढ्या उरल्यात.
माणूस बघायचा तर ती भिंतीकडे बघते
आणि भिंत बघायची तर माझ्याकडे.

तीस वर्षं व्होरूत घरं रंगवतोय मी.
लोक छापील पट्टीवर बोट ठेवतात
आणि कॉफी टाकायला जातात.
कशासारखा, हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, काळ्या पावाची करपायला आलेली कड.
‘कुठल्या बेकरीचा?’
म्हटलं, कुंडी. पाणी घातल्या घातल्या.
‘बरं.’
म्हटलं, तुमची ती तांबडी गाय होती ना, तिची पाठ.
‘माझ्याकडे शेळ्या होत्या, उर्मास.’

मग मी गप्प बसून कामाला लागलो.
आधी पाणी, मग पूड; उलटं केलं की गाठी.
अर्धा तास तसंच ठेवायचं.
माती सावकाश पाणी पिते,
पिताना कुणी ढवळलेलं तिला खपत नाही.
बाहेर नोव्हेंबर. साडेतीनला दिवे.

पहिला हात मी तिरपा देतो, फुल्या फुल्या.
ओली भिंत जवळजवळ काळी दिसते,
गिऱ्हाइकं इथंच घाबरतात.
‘वाळली की उजळेल’ हे ठेवणीतलं वाक्य
ओठांवर आलं होतं,
तोच ती खुर्चीतून उठली, नाक पुढं करून.

‘तळघर आहे हे,’ म्हणाली.
‘बटाट्यांचं. एकोणपन्नासचा मार्च.
मी सहा वर्षांची.
वर बूट.
फळ्या आमच्याच, करकर ओळखीची,
वजन अनोळखी.
आईचा हात माझ्या तोंडावर
आणि नाक भिंतीत.’

किती वेळ?
‘कोण मोजतंय.
बटाट्यांना कोंब आले होते.
एक माझ्या कानाला लागत होता.’

मी कुंचला बादलीवर आडवा ठेवला.
म्हटलं, गाडीत चुना आहे, पांढराशुभ्र.
हे ओलं आहे तोवर फडक्यानं उतरतं,
मातीचं तेवढं बरं असतं.

ती हसली, की खोकली, कळलं नाही.
‘खुळाच आहेस. त्या भिंतीनं
आमचं नाव सांगितलं नाही कुणाला.
शेजारच्यांना नेलं, लहान पोरासकट.
त्यांच्या घराला सिमेंटची जमीन होती, नवी कोरी.
आख्खा गाव बघायला जायचा.’

थोडं थांबून :
‘बैठकीत नको पण.
पाहुणे येतात, छान छान म्हणत बसतील.
झोपायच्या खोलीत दे.
उशाशी.’

बैठकीतली अर्धी भिंत तशीच राहिली, एकाच हातावर.
पलंग आम्ही दोघांनी मिळून सरकवला,
म्हणजे मी सरकवला, ती दिशा सांगत होती, चुकीची.
भिंत रात्रीतून वाळली, उजळली,
पोराच्या गालासारखी कोरडी आणि मऊ.
मी म्हटलं, एवढ्यावर भागेल, उगीच खर्च नको.
तिनं तळवा टेकून पाहिलं. बराच वेळ.
‘अजून एक,’ म्हणाली.

बिलावर लिहिलं :
खोली एक, हात दोन, पूड नऊ किलो.
उरलेली तीन तिनं ठेवून घेतली
जिन्याखाली, बटाट्यांशेजारी.