कारण

माझ्या टंकयंत्राचा काना आधी झिजला.
साकोलीत तेव्हा मराठी टाइप करणारे दोघंच,
दुसऱ्याकडे कोर्टाची गर्दी,
म्हणून भागरता कापगते मॅडम माझ्याकडे आल्या,
कापडी पिशवीत चारशे बारा पानं, वर वांगी.

विषय विचारला.
'कारण,' म्हणाल्या.
कशाचं?
'कशाचंच नाही. नुसतं कारण.'

सात महिने तोच शब्द बडवत होतो.
त्याला काना दोनदा मारावा लागतो,
एकदा क च्या पुढे, एकदा ण उभा राहावा म्हणून.
दुसरा उमटेना, ण अर्धाच लटके,
आणि मॅडम रात्री शाईपेनानं
एकेका ण ला पाय देत बसत.

वडील तलावाचे पाणकर.
तुडुमावर बसून लहानपणी त्यांनी एवढंच पाहिलं
की पाणी उतारानं जातं, आणि पाळीनंही जातं,
बांधीतल्या धानाला मात्र हे दोन वेगळे कळत नाहीत.
या एवढ्यावर छत्तीस वर्षं नोकरी.

तर्कशास्त्राला आधी अकरा पोरं, मग चार,
शेवटी एक, तोही गोंदियाच्या गाडीपर्यंत सावलीला.
विषय बंद झाला. त्यांना पर्यावरणाचा पेपर दिला.
पोरांना घेऊन त्या सारस मोजायला जात.
एकदा चहाच्या टपरीवर म्हणाल्या,
'सारसाला ठाऊक नसतं आपण मोजले गेलो.
ग्रामपंचायतीवर यादी चिकटली
की दुसऱ्या दिवशी गाव तेच राहत नाही.
झालं, हेच चौथं प्रकरण.'
ते मीच टाइप केलं होतं.

परदेशातून एक पत्र आलं:
आमच्याकडे याला दोन शब्द आहेत,
तुम्हाला कोणता अभिप्रेत?
मॅडमनी आठ पानी उत्तर धाडलं.
दगड का घरंगळला, पोरगा शाळेत का आला नाही,
आमच्यात दोन्ही एकाच पोत्यात येतं,
पोतं सोडून बघावं लागतं.
लेख छापला नाही. पोस्टाचे पैसे मी दिले होते,
ते त्यांनी दिवाळीला आठवणीनं परत केले.

मग ते साल, शेपटाकडच्या बांध्या वाळल्या ते.
इंजिनिअरनं दुर्बीण लावली: उतार बरोबर.
मॅडम वही घेऊन पार टोकाला गेल्या,
फुलवंता मडावीच्या बांधावर बसल्या.
म्हातारी पऱ्हे उपटत होती, गुरांना घालायला.
'कारन विचारता बाई?
आमची पाळी कोन खोडे, थे विचारा.'

मॅडमनी विचारलं नाही.
वही मिटली.

संध्याकाळी माझ्याकडे.
'सदतिसावं पान परत टाइप करा.'
प्रबंध मान्य होऊन एकोणीस वर्षं झाली होती.
मी म्हटलं, आता कोण वाचणार?
त्या स्टुलावर बसून राहिल्या.

एकच वाक्य वाढलं:
पाळीची वही माझे वडील लिहीत, हेही एक कारण.

ण अर्धाच उमटला.
मी पेन पुढे केला.
त्यांनी पान तसंच घडी करून पिशवीत ठेवलं.